जुन्या हॉरर कॉमिक्सची पुनर्मुद्रणं: कुठली घ्यावी, कुठली सोडावी?

उद्यमबागवाला (बेळगाव)

मंडळी, जरा वेगळाच प्रश्न घेऊन आलोय. हसू नका.

मी सीएनसी मशीनवर काम करतो. वाचन म्हणजे पेपर आणि दिवाळी अंक, एवढंच. खरं लहानपणी सुट्टीत निपाणीला मामाकडं इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आणि सुतळीनं बांधलेले चांदोबाचे गठ्ठे असायचे, त्याची चटक काय गेली न्हाई. परवा बेंगळूरहून आलेल्या आमच्या सुपरवायझरनं 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'चा पहिला खंड वाचायला दिला. १९५० सालची अमेरिकन भुताटकी. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, भडक रंग. तो क्रिप्ट-कीपर म्हातारा गोष्ट सांगता सांगता वाचणाऱ्यालाच टोमणे मारतो, तसलं आधी कुठं बघितलं नव्हतं. वाचला आणि डोक्यातच बसला.

आता स्वतःचा संग्रह करावा म्हणतोय. शोधायला बसलो तर त्याच गोष्टी एकाकडं रंगीत, दुसऱ्याकडं काळ्या-पांढऱ्या, तिसरीकडं खोक्यात घातलेली कुठलीतरी जुनी आवृत्ती. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कुठली घ्यायची? आणि या पहिल्या खंडात पहिलाच अंक १७ नंबरचा हाय! १ ते १६ कुठं गेले? मधलाच खंड पहिला म्हणून खपवूलालेत की काय?

शिवाय या कॉमिक्सवर तिकडं बंदी आली, चौकशी झाली असं काहीबाही ऐकलंय. त्याचा धड इतिहास सांगणारं एखादं पुस्तक सुचवा. एकच, बजेट तेवढंच हाय. आणि आमचं घर अनगोळला. पावसाळाभर भिंतीला ओल. पुस्तकं टिकवायची कशी?

आई म्हणते अमावास्येला तरी ते घरात उघडू नको. त्यावर काही उपाय असला तर तोपण सांगा.


पूर्वीचा शहापूरकर (पुणे)

पैसे कशाला घालवतोस रे? ही सगळी जुनी कॉमिक्स आता पब्लिक डोमेनमध्ये आहेत, म्हणजे त्यांवर कुणाचा हक्क नाही. डिजिटल कॉमिक म्युझियम म्हणून साईट आहे, तिथं नाव नोंदव, उतरवून घे, टॅबवर वाच. ओल नाही, कसर नाही, आईचं बोलणं नाही. हार्डकव्हरच्या पैशात गोव्याला जाऊन ये.


टपालतात्या (टिळकवाडी)

शहापूरकर, 'सगळी' म्हणू नका. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात स्वामित्वहक्क आधी २८ वर्षांचा मिळायचा, पुढं हवा असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करायचा. बंद पडलेल्या बारक्या प्रकाशकांचे अर्ज करायला कोण बसलं होतं? त्यांचे अंक मोकळे झाले. ते तुमच्या साईटवर आहेत, आणि जरूर वाचावेत. खरं 'क्रिप्ट' हे ईसी कॉमिक्सचं, आणि ईसीचा मालक बिल गेन्स कागदपत्रांत पक्का. त्याचे हक्क शाबूत आहेत. ते फुकटात दिसलं तर ते चोरीचं समजायचं.

आता उद्यमबागवाल्या, तुझ्या १७ नंबरचं. माझी सारी नोकरी टपाल खात्यात गेली, तेव्हा हा प्रश्न माझ्याच टेबलावर आलाय असं समज. अमेरिकेत नियतकालिकं 'सेकंड क्लास' दरानं पोस्टात पडायची, दर अगदी स्वस्त. पण त्यासाठी प्रत्येक नावाचा वेगळा परवाना, त्याची फी, मंजुरीची वाट बघणं. प्रकाशक बेरकी. एखादं कॉमिक चालेना झालं की त्याचं नाव बदलायचे आणि नंबर तसाच पुढं ओढायचे, म्हणजे पोस्टाच्या लेखी मासिक जुनंच. गेन्सकडं 'क्राइम पेट्रोल' नावाचं होतं, आधीच्या नावांसकट त्याचे १६ अंक झालेले. १९५० साली १७व्या अंकाला त्याचं नाव झालं 'द क्रिप्ट ऑफ टेरर', आणि विसाव्यापासून 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'. तेव्हा तुझा खंड पहिलाच आहे. आधीच्या अंकांत चोर-पोलिसांच्या गोष्टी, फक्त शेवटच्या दोन अंकांत क्रिप्ट-कीपर डोकावून जातो. 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' असंच १२ पासून सुरू होतं, कारण त्याच्या पाठीमागं 'वॉर अगेन्स्ट क्राइम'चे ११ अंक.

सगळ्यात गंमत 'द हाँट ऑफ फिअर'ची. ते काउबॉयच्या मासिकाच्या पाठीवर बसून १५ नंबरनं निघालं. १५, १६, १७ झाले आणि पुढचा अंक आला ४! पोस्टानं हरकत घेतली की हे मासिक नवं आहे, याचे तीनच अंक झालेत, तेव्हा पुढचा चौथा. काउंटरपलीकडं कुणीतरी जागा होता, त्याला माझा नमस्कार. तिसऱ्या मासिकाचे खंड घेशील तेव्हा नंबर बघून दुकानदाराशी भांडू नकोस.

आणखी एक टपाली खूण सांगतो. जुन्या अमेरिकन कॉमिकमध्ये मध्येच दोन पानं निव्वळ मजकुराची असतात, चित्र नावापुरतं. वाचक ती उलटून टाकायचे. ती पानं वाचकांसाठी नव्हतीच, सेकंड क्लासच्या नियमात बसण्यासाठी होती. आपल्याकडं नियतकालिकावर नोंदणी क्रमांक छापल्याशिवाय सवलतीचा दर नाही, त्यातलाच प्रकार. चांगल्या पुनर्मुद्रणात ही पानं ठेवलेली असतात, काटकसरीच्या आवृत्तीत उडवतात. संपादक किती इमानदार आहे ते मी यावरून ठरवतो.

आता कुठली आवृत्ती. माझं एकच सांगणं: कंपनी मागाहून बघ, आधी बघ की पुस्तक कशावरून छापलंय. त्या काळी छपाई झाली की मूळ चित्रं बहुतेक प्रकाशकांकडं फाडली जायची नाही तर रद्दीत जायची. गेन्सनं आपली जवळपास सगळी मूळ पानं जपून ठेवली. म्हणून १९७०च्या दशकाच्या शेवटापासून रस कॉक्रन या प्रकाशकानं जे मोठ्या आकाराचे, खोक्यातले, काळे-पांढरे संच काढले, ते थेट मूळ पानांवरून. तू बघितलीस ती पेटी हीच असणार. ब्रशचा शेवटचा केससुद्धा त्यात दिसतो. आता सेकंडहँडच मिळतात, वजनाला पोत्यासारखे, आणि परदेशातून मागवलेस तर पुस्तकापेक्षा पार्सल महाग. ते सोड.

तुझ्या हातात आहे ती 'ईसी आर्काइव्ह्ज' मालिका. २००६ साली जेमस्टोन या प्रकाशन कंपनीनं सुरू केली, पुढं डार्क हॉर्स या कंपनीनं चालवली. एका खंडात सहा अंक, 'क्रिप्ट'चे एकूण ३०, म्हणजे पाच खंडांत काम संपतं. पूर्णता हवी असेल तर हीच. खरं रंग संगणकावर नव्यानं भरलेत. जॅक डेव्हिसची चित्रं त्यात निभावतात, त्याची रेघ रांगडी, कुठल्याही रंगात मान वर काढते. ग्रॅहम इंगल्सचं तसं नाही. हा माणूस 'घास्टली' अशी सही करायचा. त्याची प्रेतं बघ: ओठापासून हनुवटीपर्यंत लाळेच्या तारा, चिंध्यांचे धागे, म्हातारीच्या मानेवरची एकेक वळी. हे सगळं काळ्या शाईनंच सांगितलेलं. त्याच्यावर संगणकाच्या गुळगुळीत छटा ओतल्या की त्या तारा बुडतात. प्रेताला फेशियल केल्यासारखं दिसतं.

म्हणून मी म्हणेन, फँटाग्राफिक्स कंपनीनं २०१२ पासून एकेका चित्रकाराला वाहिलेले खंड काढलेत, काळे-पांढरे, त्यातला इंगल्सचा घे आणि डेव्हिसचा घे. बाकीचे नंतर. जॉनी क्रेगचा घेतलास तरी वाया जाणार नाही, तो सगळ्यांत सफाईदार, रक्त दाखवायच्या आधीच घाबरवतो.

ईसीच्या बाहेरचं बघायचं असेल तर 'फोर कलर फिअर', २०१० सालचं. ज्यांची मूळ पानं उरलीच नाहीत अशा बारक्या प्रकाशकांच्या गोष्टी जुन्या छापील अंकांवरून घेतल्यात, रंगाचे ठिपके आणि सरकलेली छपाई यांच्यासकट. ते ठिपके पुसले नाहीत याबद्दल संपादकाचे उपकार.

इतिहासासाठी एकच म्हणतोस तर डेव्हिड हजदू यांचं 'द टेन-सेंट प्लेग', २००८. दहा सेंट ही तेव्हाची अंकाची किंमत. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं १९५४ मध्ये 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' लिहून कॉमिक्सनं पोरं बिघडतात असा धुरळा उठवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सिनेटच्या उपसमितीपुढं गेन्स आपणहून साक्षीला गेला. सिनेटर कीफॉव्हरनी एका अंकाचं मुखपृष्ठ दाखवलं, कुऱ्हाड आणि बाईचं तुटलेलं मुंडकं, आणि विचारलं, हे तुम्हाला सुरुचीचं वाटतं? गेन्स म्हणाला, हॉरर कॉमिकच्या मानानं होय. झालं! दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढंच. देशभर लागू अशी सरकारी बंदी आलीच नाही हे लक्षात ठेव. प्रकाशकांनी स्वतःच घाबरून 'कॉमिक्स कोड' केला: नावात 'हॉरर', 'टेरर' नको, चालती प्रेतं, रक्तपिपासू, लांडगा-माणसं नकोत. अंकावर कोडचा शिक्का नाही तर वितरक गठ्ठा उघडेना. १९५५च्या सुरुवातीला 'क्रिप्ट' मिटलं. हजदूच्या पुस्तकाच्या शेवटी या धंद्यातून कायमचे बाहेर पडलेल्या शेकडो लोकांच्या नावांची यादीच आहे. मला त्या पुस्तकातली ती पानं सर्वांत भयंकर वाटतात.

वर्थमला राक्षस समजू नकोस मात्र. हाच माणूस हार्लेममध्ये गरीब काळ्या लोकांसाठी अल्पदरात दवाखाना चालवायचा, आणि शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात त्याची साक्ष उपयोगी पडली. खरं त्याची कागदपत्रं २०१० साली खुली झाल्यावर कॅरल टिली या अभ्यासिकेनं तपासली, आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की पोरांची विधानं त्यानं वाकवली होती, एकापेक्षा जास्त पोरांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं. हजदूचं पुस्तक त्याच्या आधीचं. तेव्हा पुस्तक वाचून झालं की टिलीबाईंचा लेखही शोध.

आणि हे सगळं तिकडचं, आपल्याला काय, असं समजू नकोस. आपल्याकडं १९५६ साली केंद्रानं 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट' केला. चित्रांतून सांगितलेल्या गोष्टी, गुन्हे, क्रौर्य, किळसवाणे नाही तर भयंकर प्रसंग, यांनी वीस वर्षांखालच्यांचं नुकसान होईल असं प्रकाशन विकायला मनाई. ब्रिटननं १९५५ मध्ये अमेरिकन हॉरर कॉमिक्सच्याच भीतीनं कायदा केला होता, त्याच्या पाठोपाठ आपला. आणि इकडं चांदोबात राजा विक्रम दर महिन्याला झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकून स्मशानातून चाललाय, डोक्याची शंभर शकलं करण्याची धमकी ऐकतोय, आणि घरोघरी आया तो अंक स्वतः आणून देताहेत. कॉमिक्स कोडनं वेताळाला दारातच अडवलं असतं.

पावसाचं काम शिलाईवाल्या अक्कांचं. त्या बघतील तर सांगतील.


उद्यमबागवाला

तात्या, दंडवत. दुकानदाराला मेसेज टाकणारच होतो, वाचला बिचारा.

एक विचारू? यातली अक्षरं हातानं काढल्यासारखी वाटत न्हाईत. आमच्या शॉपमध्ये जुनी मशिन ड्रॉइंग आहेत, ट्रेसिंग पेपरवरची, त्यावरच्या अक्षरांसारखी दिसूलालेत. आणि मजकूर केवढा! चित्र खाली दबून गेलंय काही पानांवर.


टपालतात्या

बघ, कारागिराची नजर. ती लेरॉय लेटरिंगचीच अक्षरं. तुमच्या ड्राफ्ट्समनचं साधन, खाचेतनं टोक फिरवायचं की पलीकडं पेन अक्षर काढतं. ईसीनं तेच वापरलं म्हणून त्यांची पानं लांबूनही ओळखू येतात. मजकूर जास्त असायचं कारण म्हणजे संपादक आल फेल्डस्टाइन गोष्ट थेट पानावरच लिहायचा. अक्षरं आधी, चित्र नंतर. चित्रकाराच्या हाती पान यायचं तेच अर्धं भरलेलं, उरल्या जागेत भूत बसव म्हणून. तुला-मला, ज्यांचं इंग्रजी शाळेतलं, त्यांना हे बरं: अक्षर स्वच्छ, शब्द तेच तेच. दोन गोष्टी डिक्शनरी घेऊन वाचल्यास की तिसरीला लागत नाही.

मजकुराचा कंटाळा आला तर 'क्रीपी' बघ. १९६४ साली वॉरेन या प्रकाशकानं काढलेलं, मासिकाच्या आकाराचं आणि काळं-पांढरं, त्यामुळं कॉमिक्स कोडच्या कक्षेतच येत नव्हतं. ईसीतून बाहेर पडलेले चित्रकार डेव्हिस, क्रँडल, विल्यमसन, ऑर्लँडो सगळे तिथं भेटतात. मुळातच काळं-पांढरं, म्हणून पुनर्मुद्रणात रंगाची कटकट नाही.


शिलाईवाली अक्का (वडगाव)

तात्यांनी हाक मारली म्हणून आले. आमचं बाइंडिंगचं काम, घरचंच. शाळांची रजिस्टरं, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, हिशेबाच्या वह्या. भुतांचं मला काही कळत नाही, कागदाचं कळतं.

भाऊ, तुझा जो खंड आहे गुळगुळीत, तो आर्ट पेपर. त्याच्यावर लेप असतो. ओल धरली की तो लेप सुटतो आणि पानाला पान चिकटतं. एकदा चिकटून वाळलं की मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही, ओढलं की चित्राची साल निघते. तुमच्यासारख्या ओलीच्या घरात साधा, बिनलेपाचा कागद बरा. त्याला बुरशी येते, डाग पडतो, खरं पान उघडतं तरी. तेव्हा घेताना कागद कुठला तेही बघ. तात्या म्हणतात ती काळी-पांढरी पुस्तकं गुळगुळीत नसतील तर मी तीच घेईन.

कपाट बाहेरच्या भिंतीला लावायचं नाही, मधल्या भिंतीला, तेही चार बोटं सोडून. पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतात लोक, ते तर अजिबात नको, आतली ओल आतच राहते. सिलिका जेलच्या पुड्या ठेव, निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवले की परत निळे होतात. तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको. डांबराच्या गोळ्या कसरीला चालतात, पण कागदाला वास धरतो तो जन्मभर जात नाही. गणपतीच्या सुमारास उघडीप पडली की एकेक पुस्तक उभं ठेवून, पानं पंख्यासारखी उघडून सावलीत वारं दे. उन्हात नाही. ऊन रंग खातं आणि पुठ्ठा वाकडा करतं.

पाठ बघ. नुसत्या डिंकाची असेल तर आपल्या हवेत चार वर्षांत पानं सुटायला लागतात. शिलाईची असेल तर पुस्तक अर्ध्यावर उघडल्यावर मध्ये दोरा दिसतो. दुकानात हे बघून घ्यायचं. ऑनलाइन घेतोस तर विचारून घ्यायचं. लाजायचं काय त्यात.

आईंसाठी उपाय नाही. माझी सासूबाई चांदोबाचे अंकसुद्धा संध्याकाळी दिवे लागल्यावर हातात धरू देत नव्हत्या.


पूर्वीचा शहापूरकर

ईसीबद्दल तात्या म्हणतात ते मान्य. पण भाऊ, इंग्रजी जड वाटलं तर राज कॉमिक्सची 'थ्रिल हॉरर सस्पेन्स'वाली हिंदी मालिका आहे, तिचेही जुने अंक परत छापले जातात आणि खिशाला परवडतात. ईसीचा संस्कार तिकडं किती पोचलाय ते वाचून तूच ठरव.

अक्का, तव्यावर खडे तापवायची आयडिया घेतली. पुण्यात ओल नाही असं मी वर म्हटलं नव्हतं, कुणी काढू नका.


उद्यमबागवाला

सगळ्यांचे उपकार. ठरलं असं: 'क्रिप्ट'चा पहिला खंड सुपरवायझरला परत. इंगल्सचा काळा-पांढरा खंड आणि हजदूचं पुस्तक मागवतो, पगार झाला की डेव्हिस. आर्काइव्ह्जचे बाकीचे चार खंड कुणाकडं वाचायला मिळाले तर वाचीन, घेणार न्हाई. 'हाँट ऑफ फिअर'च्या नंबरांची गंमत आज जेवणाच्या सुट्टीत सांगितली, तर आमच्या स्टोअरकीपरनं लगेच विचारलं की मग पुढं १५ नंबरचे अंक दोन झाले काय?


टपालतात्या

झाले की! १५, १६, १७ दोन-दोनदा. १९५० सालचे एकदा, आणि ४ पासून मोजत गेल्यावर पुढं १९५२-५३ मध्ये परत. म्हणून जाणकार नंबरासोबत साल लिहितात. तुमच्या स्टोअरकीपरला टपाल खात्यात घ्यायला पाहिजे होतं.

'क्रीपी'चा पहिला खंड माझ्याकडं आहे. शनिवारी खडेबाजारात येणार असशील तर येताना टिळकवाडीला वाकडी वाट कर, घेऊन जा. गणपतीपर्यंत ठेव. पानाचा कोपरा दुमडलास तर अक्कांकडं शिलाईला टाकीन आणि बिल तुझ्या नावानं फाडीन.